डेटा बोलत नाही, आपण बोलतो

आमच्या मजल्यावर कॉफी मशीनच्या वर एक पोस्टर लावलंय. निळ्या रंगाचं, त्यावर एक चढता आलेख आणि खाली मोठ्या अक्षरात: मतं नकोत, डेटा बोलू द्या. दोन वर्षं मी त्या पोस्टरखाली उभा राहून कॉफी पितोय. पहिले काही महिने मला ते फार आवडायचं. आता बघितलं की डोक्यात तिडीक जाते. का, ते सांगायला आज बसलोय. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, पोहे खाऊन झालेत. थोडं लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच सटकावं.

आणि हो, आजचा विषय रसायनशास्त्राचा आहे. पळू नका. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत मला जेमतेम चाळीस मिळाले होते, त्यामुळे मला समजलंय म्हणजे तुम्हाला समजेलच.

एक रेणू आहे, मिथिलीन नावाचा. एक कार्बन, दोन हायड्रोजन, संपलं. शाळेत आपल्याला शिकवलं की कार्बनला चार हात असतात. मिथेनमध्ये त्या चारही हातांत एकेक हायड्रोजन असतो. त्यातले दोन काढून घेतले की उरतं ते मिथिलीन. दोन हात मोकळे, आणि स्वस्थ बसायची सवय नाही. असला रेणू बाटलीत भरून ठेवता येत नाही. समोर जे येईल त्याला तो धरतो आणि सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात संपून जातो.

आता या एवढ्याशा रेणूबद्दल प्रश्न दोनच. पहिला, तो सरळ आहे की वाकडा? म्हणजे हायड्रोजन-कार्बन-हायड्रोजन एका रेषेत आहेत, की मध्ये कोन आहे? दुसरा, त्या दोन मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं आपसात काय चाललंय? दोघांचं स्पिन एकाच दिशेला असेल तर त्या अवस्थेला ट्रिपलेट म्हणतात, उलटसुलट जोडी जमली असेल तर सिंगलेट. मिथिलीनमध्ये ट्रिपलेट खाली असतं आणि सिंगलेट त्याच्या वर. किती वर, हा खरा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? पडतो. सिंगलेट मिथिलीन कार्बन-हायड्रोजनच्या धडधाकट बंधात एका फटक्यात घुसतं. ट्रिपलेटला तेच काम टप्प्याटप्प्याने करावं लागतं, आणि हाती येणारा माल वेगळा असू शकतो. एकाच नावाची दोन वेगळी माणसं म्हणा ना. दोघांतलं अंतर ९ किलोकॅलरी प्रति मोल आहे की १९.५, यावर खोलीच्या तापमानाला समतोलात किती रेणू वरच्या अवस्थेत सापडतील हे ठरतं. मी गणित करून बघितलं. या दोन आकड्यांत उत्तर चार-पाच कोटी पटीने बदलतं. हा पॉइंटनंतरच्या तिसऱ्या घरातला वाद नव्हे.

९ आणि १९.५ हे आकडे मी उगाच घेतलेले नाहीत. हीच तर गोष्ट आहे.

पण आधी पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये गेरहार्ड हर्झबर्ग नावाचे गृहस्थ होते. रेणूंच्या वर्णपटातले तेव्हाचे भीष्माचार्यच. (डिग्री डार्मस्टाटची, डॉक्टर ऑफ इंजिनिअरिंग. आपल्यातलेच!) त्यांनी १९५९ मध्ये मिथिलीनचा वर्णपट पकडला आणि १९६१ मध्ये सांगितलं की खालच्या अवस्थेतलं मिथिलीन सरळ आहे. वाकड्याची शक्यता त्यांनी तपासली होती, पण पसंती सरळला दिली. त्याआधीच, १९६० मध्ये, फॉस्टर आणि बॉइज या दोघांनी त्या काळच्या कॉम्प्युटरवर गणित करून १२९ अंशांचा कोन काढला होता. कोण ऐकणार? समोर हर्झबर्ग. १९७० मध्ये बेंडर आणि शेफर यांनी चांगलं गणित करून सांगितलं, १३५ अंश, वाकडाच आहे. त्याच वर्षी इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचे प्रयोग आले, तेही म्हणाले वाकडा. आणि हर्झबर्ग यांनी काय केलं? १९७१ मध्ये जॉन्स या सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच जुना वर्णपट पुन्हा वाचला आणि लिहून टाकलं की वाकडा आहे. त्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तेही रेणूंच्या, विशेषतः असल्या मोकळ्या हातांच्या रेणूंच्या, रचनेवरच्या कामासाठी.

लक्षात घ्या, त्यांच्या फिल्मवरच्या रेषा तसूभर हलल्या नव्हत्या. डेटा तोच होता. १९६१ मध्ये तो 'सरळ' बोलला आणि १९७१ मध्ये 'वाकडा'? डेटाने तोंड उघडलंच नव्हतं. दोन्ही वेळा बोलला तो माणूस.

हे ठीक आहे, वर्णपट वाचायला अवघड असतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आता ज्या यंत्राबद्दल मला खरं सांगायचंय तिकडे वळतो. कारण ते इतकं सोपं आहे की त्यात चुकायला जागाच नाही असं वाटावं.

फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी. नाव लांबलचक, तत्त्व चौथीतल्या वजाबाकीचं. रेणूवर ठरावीक ऊर्जेचा प्रकाश मारायचा. प्रकाशकण एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजायची. प्रकाशकणाच्या ऊर्जेतून ती वजा केली की उरली ती इलेक्ट्रॉन सोडवायला लागलेली ऊर्जा. आइनस्टाईन यांनी १९०५ मध्ये धातूंसाठी मांडलेलं समीकरण, तेच रेणूंना लावलं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये डेव्हिड टर्नर यांनी १९६२ च्या सुमारास हेलियमचा दिवा वापरून हे करून दाखवलं. त्या दिव्याचा प्रत्येक प्रकाशकण २१.२२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. एक्स-रे वापरून स्वीडनच्या उप्साला इथे काय सीगबान यांनी याचंच भावंड घडवलं आणि १९८१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल घेतलं.

याची खरी मजा आलेखाच्या आकारात आहे. इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे राहिलेला रेणू शांत उभा असेल असं नाही, तो थरथरत असू शकतो. थरथरीत जेवढी ऊर्जा गेली तेवढी इलेक्ट्रॉनला कमी मिळते. म्हणून एका शिखराऐवजी शिखरांची रांग दिसते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. इलेक्ट्रॉन जाण्याआधीचा आणि नंतरचा आकार सारखाच असेल तर मुख्य शिखर एकच येतं. आकार बराच बदलला तर लांबलचक जिना. साउथॅम्प्टनच्या मंडळींनी १९७२ मध्ये मिथाइल रॅडिकल, म्हणजे तीन हायड्रोजनवाला भाऊ, या यंत्रासमोर नेला तेव्हा ९.८४ इलेक्ट्रॉनव्होल्टला एक ठसठशीत शिखर मिळालं. इलेक्ट्रॉन गेला तरी आकार फारसा बदलत नाही, हे त्या एका शिखरावरून कळलं. रेणू दिसला नाही, धरता आला नाही, पण त्याचा आकार कळला. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी लोकलमध्ये उभा होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही, नशीब त्याचं.

पण मिथिलीनसारख्या गिऱ्हाइकाला यंत्रासमोर आणायचं कसं? बनवायला जावं तर दहा भलतेच रेणू सोबत येतात. सगळ्यांचे इलेक्ट्रॉन एकदम बाहेर आले की कुठलं शिखर कोणाचं, कसं कळणार?

यावरची युक्ती म्हणजे ऋण आयन. मिथिलीनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवून ठेवा. आता त्याच्यावर विद्युतभार आला, म्हणजे त्याला चुंबकाने वळवता येतं, वस्तुमानाप्रमाणे निवडता येतं. आपल्या भाषेत, क्वेरीला व्हेअर क्लॉज लागला. फक्त वस्तुमान १४ वाले पुढे या, बाकीचे बाहेर. मग त्यांच्यावर लेझर मारायचा. लेझर तो जादा इलेक्ट्रॉन उडवतो आणि मागे उरतं आपलं मिथिलीन. जो रेणू साठवता येत नाही, तो शेवटच्या क्षणी जागेवर तयार करायचा आणि निघालेल्या इलेक्ट्रॉनला विचारायचं, बाबा रे, मागे काय सोडून आलास? कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याला साष्टांग नमस्कार. ब्रेम, गुसिनोव आणि हॉल यांनी १९६७ मध्ये हेलियमच्या ऋण आयनावर हे करून दाखवलं होतं. यातले हॉल म्हणजे जॉन हॉल, २००५ चे नोबेलवाले.

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावी जिला नावाची संस्था आहे. तिथे कार्ल लाइनबर्गर यांनी हे यंत्र हाताशी धरलं आणि पुढे कित्येक वर्षं एकामागून एक चंचल रेणू त्यात घातले. लाइनबर्गर यांच्या सगळ्या डिग्र्या जॉर्जिया टेकच्या, पीएचडीसकट इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या. (हर्झबर्ग झाले, हे झाले. आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला कोणीतरी कळवा.)

तर १९७६. या गटाने मिथिलीनच्या ऋण आयनाचा आलेख काढला. लेझर अर्गॉनचा, ४८८ नॅनोमीटरचा, म्हणजे २.५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऋण आयन चांगलाच वाकलेला असतो, कोन शंभरहून थोडा जास्त. सिंगलेट मिथिलीनचाही कोन जवळपास तेवढाच. म्हणजे सिंगलेटसाठी एक उंच शिखर यायला हवं, आणि ते आलं. ट्रिपलेटचा कोन मात्र बराच मोठा, म्हणून तिथे लांब जिना यायला हवा. तोही आला. आता अंतर काढायला काय लागतं? जिन्याची पहिली पायरी कुठली ते ओळखायचं आणि सिंगलेटच्या शिखरापर्यंत मोजायचं. त्यांनी मोजलं. १९.५ किलोकॅलरी.

गणितवाल्यांचे चांगले आकडे तेव्हा ११ च्या आसपास येत होते आणि पुढे ते ९ कडे सरकत गेले. झाली पंचाईत. एकीकडे कागद-पेन्सिल आणि कॉम्प्युटर, दुसरीकडे साक्षात प्रयोग. माझ्या ऑफिसात ही मीटिंग झाली असती तर दोन मिनिटांत संपली असती. डेटा काय म्हणतोय? १९.५. चला, नेक्स्ट आयटम.

आता सांगा चूक कुठे होती. लेझर बरोबर होता. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा नीट मोजल्या होत्या. शिखरं खरी होती, नॉइज नव्हता. सिंगलेटचं शिखर बरोबर ओळखलं होतं. वजाबाकी तर बरोबरच. चूक होती ती पहिली पायरी कुठली मानायची यात. वजाबाकीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, की सुरुवातीला आयन शांत होता. पण तो आधीच थरथरत असेल तर? मग ती थरथरीची ऊर्जा निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला बोनस म्हणून मिळते, आणि जिन्याच्या खऱ्या पहिल्या पायरीच्याही आधी काही खोट्या पायऱ्या दिसायला लागतात. खोट्या म्हणजे दिसतात खऱ्याच, पण त्या मिथिलीनच्या नसतात, आयनाच्या तापाच्या असतात. स्पेक्ट्रोस्कोपीवाले त्यांना हॉट बँड म्हणतात. १९७६ च्या यंत्रातले आयन गरम होते, आणि अशाच पायऱ्या जिन्याची सुरुवात म्हणून मोजल्या गेल्या होत्या. आयनाच्या त्या थरथरीची एक पायरी साधारण ०.१५ इलेक्ट्रॉनव्होल्टची. १९.५ मधून ९ वजा करा, साडेदहा किलोकॅलरी, म्हणजे ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तीन पायऱ्या. इतकं सोपं.

इतकं सोपं, आणि लागली आठ वर्षं. कॅलटेकच्या हार्डिंग आणि गॉडार्ड यांनी १९७८ मध्ये गणित मांडून सांगितलं की या पायऱ्या हॉट बँड असाव्यात. त्याच वर्षी लेंगेल आणि झेअर यांनी वेगळ्या प्रयोगाने आठच्या आसपासचा आकडा काढला. १९८३ मध्ये मॅकेलर आणि मंडळींनी तिसऱ्याच वाटेने जाऊन सांगितलं, ९. आणि १९८४ मध्ये डोरीन लिओपोल्ड, मरे आणि लाइनबर्गर यांचा पेपर आला. हो, तेच लाइनबर्गर. त्यांनी आयन बनवायची पद्धतच बदलली. एका नळीतून हेलियम वाहता ठेवला, आयन त्यात सोडले, हेलियमशी असंख्य धडका खाऊन ते खोलीच्या तापमानापर्यंत थंड झाले. त्या तापमानाला हजारात दोन-तीन आयनच काय ते थरथरत असतात. पुन्हा लेझर मारला. वादातल्या पायऱ्या गळून पडल्या. अंतर आलं ९.०.

आणि त्या पेपरच्या शीर्षकात काय आहे माहितीये? विषयाबरोबर स्पष्ट लिहिलंय की ही पुनर्तपासणी आहे. तळटीपेत नाही, परिशिष्टात नाही, शीर्षकात. पुढच्या वर्षी हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालून, म्हणजे अणू जड करून, त्यांनी सगळं पुन्हा नीट मांडलं. जड अणूंची थरथर मंद होते, पायऱ्या जवळ येतात, पण पहिली पायरी जवळजवळ जागेवरच राहते. कुठली पायरी खरी हे ओळखायची ही सुंदर रीत आहे.

ही गोष्ट मी ऑफिसात दोघांना सांगितली. एकाने लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे बघ, सायंटिस्ट लोकांचं पण काही खरं नसतं." हा माणूस कुठलाही फॉरवर्ड आला की विज्ञान रोज बदलतं म्हणतो आणि मग त्याला हवं ते मानतो. अरे बाबा, आकडा १९.५ वरून ९ झाला आणि तिथेच थांबला ना! चार वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच दारात भेटली. हे 'काही खरं नसतं' आहे? तुझ्या फॉरवर्डचं असं एक तरी उदाहरण दाखव.

दुसरा मशीन लर्निंगवाला. तो भलताच खूश. "सिम्युलेशन जिंकलं! लॅब बंद करा, सगळं मॉडेलवर काढा." ही भाषा आता सगळीकडे ऐकू येते म्हणून जरा थांबतो. गणित जिंकलं हे खरं आहे. शेफर यांनी १९८६ मध्ये सायन्स नियतकालिकात मिथिलीनवर लेखच लिहिला आणि हा रेणू म्हणजे संगणकीय रसायनाचा आदर्श नमुना म्हणून मांडला. त्यांना तो हक्क होता. पण ११ वरून ९ पर्यंत गणितही सरकतच होतं की. त्यातला कुठला आकडा धरायचा हे शेवटी कशाने कळलं? थंड केलेल्या आयनांनी. गणिताने प्रयोगाला सांगितलं, तुझी पहिली पायरी तपास. प्रयोगाने तपासली. यात लॅब बंद करण्यासारखं काय सापडलं तुला? लॅब नसती तर तू आजही तुझ्या मॉडेलच्या आकड्यावर तुझंच मॉडेल तपासत बसला असतास. तसा तो बसतोच म्हणा, पण ते सोडा.

"पण उपयोग काय रे याचा?" हा तिसरा प्रश्न मला घरून येतो, आईकडून, आणि तिला उत्तर द्यावंच लागतं. याच यंत्रावर, लाइनबर्गर यांच्याच सहभागाने, १९९८ मध्ये बेंझाइन नावाच्या रेणूंचं असंच अंतर मोजलं गेलं. बेंझिनच्या कड्यावरचे दोन हायड्रोजन काढून टाकले की बेंझाइन. समोरासमोरचे दोन काढले की जे होतं त्यात सिंगलेट आणि ट्रिपलेटमध्ये जेमतेम ३.८ किलोकॅलरी. याच जातीचा दोन मोकळ्या हातांचा रेणू कॅलिकिॲमायसिन नावाच्या औषधाच्या पोटात तयार होतो आणि डीएनएच्या दोन्ही दोऱ्या कापतो. मातीतल्या जिवाणूंकडून मिळालेलं हे रसायन अँटिबॉडीला बांधून रक्ताच्या एका कर्करोगावर वापरतात. असा रेणू डीएनएवर किती आक्रमकपणे हात टाकतो, हे समजून घ्यायला ते अंतर लागतं. आईला पटलं. ती म्हणाली, मग हे आधी सांगायचं ना.

आता मूळ मुद्दा, जो मी इतका वेळ टाळतोय.

गेल्या वर्षी एका रिलीजच्या रात्री आमची एक सर्व्हिस अचानक मंद झाली. रिस्पॉन्स टाइमचा आलेख उभा चढला. सकाळच्या मीटिंगमध्ये स्क्रीन मी शेअर केली होती. आलेखावर मी माउसने दाखवलं, इथे चढ सुरू होतो आणि इथे आपल्या ज्युनिअरचा मॉड्यूल डिप्लॉय झाला. दोघांत चार मिनिटं. ती म्हणाली, "मी लोड टेस्ट केली होती, मला नाही वाटत माझ्यामुळे झालंय." आणि मी, त्या पोस्टरचा लाडका भक्त, काय म्हणालो? "वाटण्याचा प्रश्न नाही, डेटा समोर आहे." टीएलने मान डोलावली. वर्षअखेरीस तिचं रेटिंग एक पायरी खाली आलं. त्यात ही घटना लिहिलेली होती.

तीन महिन्यांनी मी भलतंच काहीतरी शोधत असताना जुने लॉग उघडले. त्या रात्री आमच्या एका जुन्या क्यूमध्ये आदल्या दिवसापासूनचे हजारो अडकलेले मेसेज होते. डिप्लॉयसाठी सर्व्हिस रीस्टार्ट झाली तशी ती सगळी गर्दी एकदम पुन्हा धावत आली. कोणाचाही मॉड्यूल टाकला असता, काहीच न टाकता नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली असती, तरी तोच चढ आला असता. सिस्टिम सुरुवातीला शांत होती असं मी गृहीत धरलं होतं. ती गरम होती. आलेख खरा, वेळा खऱ्या, वजाबाकी खरी. मी पहिली पायरी चुकीची धरली.

मी टीएलला सांगितलं. ते म्हणाले, "अरे, सायकल क्लोज झालीये आता. एचआरकडे पुन्हा उघडायला गेलो तर दहा प्रश्न येतील. नेक्स्ट टाइम लक्षात ठेवू." आणि मी गप्प बसलो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आलेख मी दाखवला होता. तिने मार्चमध्ये कंपनी सोडली. याच कारणाने सोडली का, मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

मला राग येतो तो याचा. आपल्या धंद्यात चुका होतात याचा नाही. चुका बोल्डरलाही झाल्या, ओटावालाही झाल्या, आणि त्या माझ्यापेक्षा शंभर पटीने हुशार माणसांच्या हातून झाल्या. पण त्यांच्या जगात चूक दुरुस्त करणारा पेपर त्याच नावाने, त्याच जातीच्या नियतकालिकात, सगळ्यांना दिसेल असा छापून येतो. आमच्याकडे आलेख मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि दुरुस्ती कॉफी मशीनपाशी कुजबुजतात. डॅशबोर्डला सव्वीस पॅनल आहेत. त्यातलं एकही 'आधी आपण जे म्हणालो ते चुकलं होतं' असं सांगत नाही. आणि वर पोस्टर, डेटा बोलू द्या! म्हणजे चुकलं तर डेटा चुकला, आपण नामानिराळे. ज्याच्यावर बोट दाखवलं त्याचं रेटिंग मात्र खाली.

हल्ली ही मोजमापं करणारे लोक आयनांना खोलीच्या तापमानावरही सोडत नाहीत. क्रायोजेनिक सापळ्यात धरून अतिथंड करतात आणि मगच लेझर मारतात. म्हणजे यंत्र लावण्याआधीच ते मान्य करतात की आपण इथे फसू शकतो, आणि फसायची ती जागा आधी बंद करतात. आमच्या रिलीज चेकलिस्टमध्ये 'डिप्लॉयआधी क्यू रिकामी आहे का बघा' ही एक ओळ घालायला मी दोनदा सुचवलं. दोनदा उत्तर आलं, बघू.

असो. मेल लिहून झालाय, ड्राफ्टमध्ये पडलाय. लॉग जोडलेत, वेळा दिल्यात, तो जुना आलेखही लावलाय, आणि पहिली पायरी मी चुकीची धरली असं माझ्या नावाने लिहिलंय. टू मध्ये त्या मीटिंगला हजर असलेले सगळे. सब्जेक्ट मी सरळ चोरलाय: त्या रात्रीची पुनर्तपासणी. तिचा ऑफिसचा पत्ता बंद झालाय, म्हणून तिला हेच सगळं तिच्या पर्सनल पत्त्यावर वेगळं लिहितोय. पहिला मेल सोमवारी दहाच्या स्टँडअपच्या आधी जाईल. दुसऱ्याची पहिली ओळ अजून जमत नाहीये.